शर्करासंहार आणि आमचे साडू

चन्नप्पा मुलगी बघायला आले, तेव्हा त्यांनी मुलीच्या आधी बिस्किटाचा पुडा बघितला.

मी तिथंच होतो. बेंबळीच्या त्या घरचा मी थोरला जावई. त्यामुळं लोडाला टेकून बसायचा आणि नव्या उमेदवाराची उलटतपासणी घ्यायचा मान माझा. मी घसा खाकरून पहिला प्रश्न विचारणार, एवढ्यात बशीतून बिस्किटं आली. चन्नप्पांनी एक उचललं, निरखलं, परत ठेवलं आणि सासूबाईंना अदबीनं विचारलं, "ह्याचा पुडा हाय का हो घरात?" सासूबाईंना वाटलं, पाहुण्याला बिस्किट आवडलं. त्यांनी कौतुकानं उरलेला पुडा आणून दिला. चन्नप्पांनी तो उलटा केला, पाठीमागची बारीक अक्षरं खिडकीच्या उजेडात धरून वाचली आणि म्हणाले, "मुदत संपून पंधरा दिवस झाले. खाऊ नका कुणी."

तोवर माझी चार खाऊन झाली होती.

मग पडद्यामागून खुदकन हसण्याचा आवाज आला. ती सुमन, माझ्या बायकोची धाकटी बहीण. पाहुणे गेल्यावर सासूबाई म्हणाल्या, "असला माणूस जन्मभर घरातले डबे हुंगत बसंल." सुमन म्हणाली, "बसू दे की. मला चालंल." अशा रीतीनं चन्नप्पा माझे साडू झाले, आणि त्या घरातली उलटतपासणी कायमची माझ्या हातातून गेली.

चन्नप्पा उमरग्याकडचे. घरात कानडी, बाहेर मराठी, आणि राग आला की दोन्ही बंद. उंच, वाळके, शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी भिंग. तेव्हा ते अन्न निरीक्षक होते. पुढं सरकारनं पदाचं नाव बदलून अन्न सुरक्षा अधिकारी केलं. चन्नप्पा म्हणायचे, "नाव लांब झालं, जीप तीच हाय." काम असं, की दुकानात जायचं, वस्तू रीतसर विकत घ्यायची, तिचे नमुने सील करायचे आणि प्रयोगशाळेला पाठवायचे. "पुढची बाजू इकणाऱ्याची, मागची बाजू खाणाऱ्याची," हे त्यांचं नेहमीचं वाक्य. आणि कुणी कशाचीही तारीफ केली की ते मान तिरकी करून एकच विचारायचे, "ह्ये कोण म्हणतंय?"

हे वाक्य लग्नाच्या पंगतीत किती महाग पडतं ते मला विचारा. एका यजमानांनी हौसेनं सांगितलं, "साहेब, पेढे शुद्ध खव्याचे आहेत बरं का." "ह्ये कोण म्हणतंय?" "अहो, मी म्हणतोय!" "तुम्ही खाऊन म्हणताय, का नुसतं म्हणताय?" यजमानांनी त्यानंतर आमच्या पंगतीकडं फिरून बघितलं नाही. माझी भाजी राहिली ती राहिलीच.

सासूबाईंच्या लोणच्याची बरणीसुद्धा त्यांनी सोडली नव्हती. "मामी, ह्यावर तारीख न्हाय." सासूबाई म्हणाल्या, "आंबा उतरला त्या दिवशी घातलंय. खोटं वाटत असंल तर झाडाला इचारून या." चन्नप्पा खरंच हसले आणि दोन फोडी जास्त घेतल्या. पण सासूबाईंनी ते मनात ठेवलं. साहेबांना सगळंच खोटं दिसतंय, हे त्यांचं मत तेव्हा पक्कं झालं.

एक गुपितही सांगून टाकतो. तुळजापूरच्या बस स्टँडबाहेर एका गाड्यावर हा माणूस वर्तमानपत्राच्या कागदावर तेल निथळणारी भजी डोळे मिटून खाताना मी पकडला आहे. मी म्हणालो, "चन्नप्पा, कागदाची शाई पोटात जातीय." त्यांनी डोळे न उघडता सांगितलं, "गुरुजी, आज रविवार हाय."

आता माझ्याकडं येतो, कारण पुढचा सगळा घोटाळा माझाच आहे.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठी शिकवतो. लिहायची हौस भारी. छापून आलेलं साहित्य म्हणाल तर तीन वाढदिवसांचे फलक आणि एका सोसायटीच्या चेअरमनचा शोकसंदेश. अशा लेखकाकडं एक दिवस दिगंबर आला. दिगंबर माझा शाळेतला मित्र. येडशीला त्याचं मिरची-हळदीचं कांडप आहे. मोबाइलवर काहीतरी बघून त्यानं मेथी, जांभळाच्या बिया आणि वाळलेली कारली कुटून एक पावडर केली होती, आणि ती डब्यात भरून मधुमेहवाल्यांना विकायची होती. म्हणाला, "गुरुजी, माल तयार हाय. डब्यावर लिहून द्या. पण जरा जोर येऊ द्या."

जोर! मला आयुष्यात कुणी जोर मागितला नव्हता. मी तीन दिवस बसलो. पावडरीचं नाव 'शर्करासंहार' ठेवलं. खाली लिहिलं: 'ऋषिमुनींच्या तपश्चर्येतून साकारलेले अमृत! मधुमेह मुळासकट उपटून टाका! प्रयोगशाळेत सिद्ध! सात दिवसांत गोळ्यांना निरोप!' प्रयोगशाळा कुठली, हे मी दिगंबरला विचारलं नाही आणि त्यानंही मला विचारलं नाही. वाक्य बसत होतं, आम्ही ठेवलं. ऋषी म्हणून दिगंबरच्या मामाचा दाढीवाला फोटो टाकला. मामा तेव्हा रामलिंगाचं दर्शन घेऊन आलेले होते, त्यामुळं चेहऱ्यावर भाव चांगले होते.

मोबदला म्हणून दिगंबरनं मला दोन डबे दिले. लेखकाला स्वतःच्या पुस्तकाच्या प्रती मिळतात म्हणे. मी त्यातली एक प्रत, म्हणजे डबा, सासूबाईंना भेट दिला. आणि नुसता दिला नाही. कडेच्या कोऱ्या जागेवर ठळक पेनानं लिहिलं: 'ती. सासूबाईंना, साखरेचा समूळ नाश होवो या सदिच्छेसह, आपला जावई.' खाली लफ्फेदार सही. सासूबाईंनी डबा देवघराच्या फळीवर ठेवला. त्यांना बारा वर्षांपासून साखर होती. हे मला ठाऊक होतं. पण लिहिणाऱ्याला आपलं लिहिलेलं कुणीतरी वाचतंय एवढंच दिसतं. ती बाई ते वाचून तसंच वागणार आहे, हे दिसत नाही.

पुढं येळवस, म्हणजे वेळ अमावस्या आली. आमच्याकडं येळवशीला सगळं घर शेतात जेवतं. कडब्याची कोप, म्हणजे खोपी, उभी करायची, पूजा करायची आणि शेंगाभाज्यांची भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर असं दुपार कलंडेपर्यंत जेवायचं. तेव्हा चन्नप्पांची बदली धाराशिवलाच झालेली होती, त्यामुळं तेही आले होते. सासूबाई लंगडत होत्या. पंधरा दिवसांखाली कापलेल्या तुरीचं धसकट पायाच्या अंगठ्याला लागलं होतं आणि जखम भरत नव्हती. तशा लंगडत त्या बसल्या आणि त्यांनी खिरीची दुसरी वाटी पुढं ओढली.

चन्नप्पांनी घास थांबवला. "मामी, साखर हाय ना तुम्हाला?"

"होती. गेली."

"कुठं गेली?"

"उपटली की मुळासकट! गुरुजींनी."

वीस-पंचवीस माणसं माझ्याकडं बघायला लागली. मी आंबिलीच्या तांब्यात तोंड घातलं.

"आणि गोळ्या, मामी?"

"त्यास्नी निरोप दिला. बरोब्बर सातव्या दिवशी. महिना झाला."

चन्नप्पांनी हात धुतला. घरी येऊन डबा मागवला. आधी अर्थातच मागची बाजू. घटक लिहिलेले नव्हते. 'हे औषध नाही' असं ठळक छापणं सक्तीचं असतं, ते नव्हतं. परवान्याचा नंबर होता, तो भिंगातून बघून ते म्हणाले, "हा तर येडशीच्या मिरची कांडपाचा." मग पुढची बाजू मोठ्यानं वाचली, एखाद्या शाळकरी पोरासारखी, प्रत्येक उद्गारचिन्हाला थांबून. 'ऋषिमुनींच्या तपश्चर्येतून'! ह्ये कोण म्हणतंय? 'प्रयोगशाळेत सिद्ध'! ह्ये कोण म्हणतंय? मी खिडकीतून बाहेर बघत होतो. शेवटी त्यांनी डबा फिरवला, कडेची सही त्यांना दिसली, आणि भिंग खिशात टाकत ते शांतपणे म्हणाले, "हां. आता कळलं, कोण म्हणतंय."

त्याच संध्याकाळी ते सासूबाईंना जीपमध्ये घालून धाराशिवला डॉक्टरकडं घेऊन गेले. रक्त तपासल्यावर डॉक्टरांनी सरळ सांगितलं, की गोळ्या आजच्या आज सुरू करा, नाहीतर अंगठा ठेवता येणार नाही. सासूबाईंनी गोळ्या घेतल्या, म्हणजे हातात घेतल्या. घरी येऊन त्या फळीवर ठेवल्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चमचाभर शर्करासंहार पाण्यातून घेतला. आईजवळ थांबलेल्या सुमननं पायावर डोकं ठेवलं तरी ऐकेनात. "डॉक्टरला गोळ्या इकायच्यात. साहेबांना तर माझं लोणचंबी चालत न्हाय. गुरुजी कशाला खोटं लिवतील? पोरं शिकिवत्यात ते."

हे सुमननं मला फोनवर सांगितलं. मी भाकरी अर्धी टाकून उठलो.

इकडं त्याच दिवसांत वरून आदेश आले होते, की आहारपूरक पावडरींच्या डब्यांवरचे भलतेसलते दावे तपासा, दिशाभूल करणारा माल विक्रीतून काढा. चन्नप्पांनी आधी आपल्या वरिष्ठांना लेखी कळवलं, की या प्रकरणात माझा साडू गुंतलेला आहे. वरून उत्तर आलं, जिल्ह्यात दुसरा माणूस मोकळा नाही, तुम्हीच जा. ते येडशीला निघाले. दिगंबरला धीर द्यायला मीही मोटारसायकलवर मागं गेलो. खरं सांगायचं तर माझ्या पहिल्या आवृत्तीचं काय होतंय ते बघायला गेलो.

दिगंबरनं हात जोडले. "साहेब, तुम्ही गुरुजींचे साडू म्हणजे माझेबी साडूच की."

"मग माझी मेहुणी कुठंय? बोलवा, पंच म्हणून सही करू द्या."

पंच मिळेना. कांडपात गर्दी होती, पण 'सही' शब्द ऐकताच माणसं मिरच्यांची पोती टाकून चहाला गेली. तेव्हा मी मोठ्या मनानं पुढं झालो. "चन्नप्पा, मी करतो सही."

त्यांनी माझ्याकडं वरून खाली बघितलं. "तुम्ही पंच न्हाय गुरुजी. तुम्ही मुद्देमाल हाय."

शेवटी एक म्हातारी तयार झाली, कारण तिच्या मिरच्या यंत्रात अर्ध्या कुटलेल्या होत्या आणि तिला जाता येत नव्हतं. चन्नप्पांनी डब्यांचे पैसे दिले, पावती घेतली, चार नमुने जाड कागदात बांधले, दोरा आवळला, लाख वितळवून मोहोर उठवली. वर चिठ्ठी चिकटवली आणि दिगंबरला सही करायला लावली, अशी की अर्धी सही चिठ्ठीवर आणि अर्धी कागदावर यावी. म्हणजे मधे कुणी उघडलं तर सही तुटते. दिगंबरची सही आधीच तुटकी आली. म्हातारी चार वेळा अंगठा उठवून म्हणाली, "झालं का तुमचं सरकार? माझ्या मिरच्यांचं बघा की आता." उरलेला माल जप्त झाला. पुढं अहवाल आला, सुनावणी झाली, दिगंबरला दंड झाला आणि विकलेले डबे गावोगाव फिरून परत आणावे लागले. तो पुन्हा मिरचीकडं वळला. ऋषींनी भाच्याशी बोलणं सोडलं.

मला वाटत होतं, कागदपत्रात माझंही नाव येईल. जप्तीनंतर मी चार रात्री झोपलो नाही. चन्नप्पांना विचारलं तर म्हणाले, "कायद्यात बनवणारा हाय, साठवणारा हाय, इकणारा हाय. लिहिणारा न्हाय." सुटल्याचा आनंद व्हायला हवा होता. मला मात्र थोडा अपमान वाटला. तो माझ्या चेहऱ्यावर दिसला असावा, कारण त्यांनी लगेच जीपचं दार उघडलं. "बसा. बेंबळीला जायचंय. दिगंबरला नोटीस म्या दिली. मामींना तुम्ही सांगायचं."

"मी काय सांगू?"

"मी सांगून बघितलं, डॉक्टरनं सांगितलं, पोरीनं सांगितलं. त्यांचा इश्वास तुमच्या लिहिण्यावर हाय. तो तुम्हालाच मोडाय लागंल."

वाटभर मी मनात मजकूर जुळवत होतो. सासूबाई बाजेवर बसल्या होत्या. पायाला पट्टी, पट्टीवर माशा. अंगठा काळपट दिसत होता. चन्नप्पा दारातच थांबले. मी समोर बसलो आणि सुरुवात केली, "मामी, मनुष्याच्या जीवनात असे काही प्रसंग येतात, की..."

"कोण गेलं?" सासूबाई दचकून म्हणाल्या.

दारातून खोकल्याचा आवाज आला. मी सगळा मजकूर टाकून दिला.

"कुणी गेलं न्हाय मामी. त्या डब्यावर जे लिहिलंय ते खोटं हाय."

"तुमीच लिवलंय की ते."

"व्हय. म्या लिहिलंय आन् खोटं लिहिलंय. मला त्यातलं काही ठाऊक नव्हतं. दिगंबर म्हणला जोर येऊ द्या, म्या जोर आणला."

"आन् ती परयोगशाळा?"

"न्हाय."

"ऋषी?"

"दिगंबरचे मामा हायत. येडशीला असतात."

सासूबाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. मग त्यांनी सुमनला हाक मारली, गोळी मागितली, पाण्याच्या घोटाबरोबर गिळली आणि म्हणाल्या, "लई झ्याक लिवलंवतं पण." थोडं थांबून, "डबा घिऊन जावा जाताना."

अंगठा राहिला. भरायला उन्हाळा लागला, पण राहिला. माझं मात्र त्या घरातलं वाचन बंद झालं. लाइटबिल येऊ दे, रेशनचा कागद येऊ दे, नातेवाइकाची लग्नपत्रिका येऊ दे, मी हात पुढं केला की सासूबाई म्हणायच्या, "असू द्या गुरुजी, साहेब येतील." आणि साहेब यायचे. दर महिन्याला रक्ताच्या तपासणीचा कागद आला की चन्नप्पा भिंग काढून आकडा वाचायचे, आणि मी समोर चहा पीत बसायचो. लोणच्याच्या बरणीवरही तारखेची चिठ्ठी आली. ती सासूबाईंनी सुमनकडून लिहून घेतली. मी शेजारी बसलेलो असताना.

चन्नप्पा निवृत्त झाले आणि वर्षाच्या आत गेले. उमरग्याच्या घरी, सकाळी, चहाचा कप हातात असताना. मला अजून खरं वाटत नाही. माझ्या आयुष्यात मला ज्यानं चारचौघांत सगळ्यात जास्त वेळा गप्प केलं, तो माणूस इतक्या गुपचूप जाईल असं वाटलं नव्हतं. दिवसकार्य झाल्यावर सुमन आईकडं बेंबळीला आली. आम्हीही गेलो.

तिसऱ्या दिवशी सासूबाईंनी फडताळातून एक घडी घातलेला कागद काढला. त्या महिन्याची तपासणी. आठ-दहा दिवस तसाच ठेवला होता. त्यांनी एकदा दाराकडं बघितलं, मग कागद माझ्यापुढं धरला.

"वाचा गुरुजी. जसं हाय तसं वाचा."

मी घडी उघडली. साखर बरीच चढलेली होती. चढणारच, त्या दिवसांत त्या घरात वेळेवर कुणी जेवलं नव्हतं. समोर सुमन भिंतीला टेकून बसली होती. माझ्याकडं एक चांगलं वाक्य तयार होतं, की मामी, किंचित वर-खाली आहे, काळजीचं कारण नाही. ओठापर्यंत आलं होतं.

"वाढलीय," मी म्हणालो.

"लई?"

"लई." आणि आकडा सांगितला.

त्यांनी मान हलवली. गोळ्यांचा डबा जवळ ओढला. "सुमे," त्या म्हणाल्या, "पाणी दे. आन् गुरुजींस्नी वाढ, त्यांनी सकाळपासून काय खाल्लं न्हाय."